मर्सी टिलसनच्या नावाचा दगड

डोरिन बोव्हे येणार आहे, हे आल्डनला कोणीच सांगितलं नव्हतं.

सांगायचं होतं कॉनीनं. थोरल्या भावाला सांगायचं तर ते बहिणीनंच, असं कॉनीच्या भाचीनं, हॉलिसनं, परस्पर ठरवून टाकलं होतं. कॉनी गेला पंधरवडाभर रोज सकाळी आपल्या छोट्या घरातून निघे, मक्याच्या शेताकडेनं आल्डनच्या व्हरांड्यापर्यंत जाई, टोमॅटोंची चौकशी करी आणि परत येई. आज टिलसन घराण्याच्या वार्षिक मेळाव्याचा दिवस उजाडला, मेपलच्या झाडांखाली लांब टेबलं मांडून झाली, बर्निसवहिनीनं शेंगांचं भांडं भट्टीतून काढलं, तरी तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

आणि आता ती निळी गाडी फाटकातून आत वळत होती.

"नंबराची पाटी कॅनडातली दिसतेय, क्विबेकची," मेरिल म्हणाला. मेरिल त्यांचा चुलतभाऊ. दर ऑगस्टला स्प्रिंगफील्डहून यायचा, सगळ्यांच्या आधी जेवायचा आणि सगळ्यांच्या आधी बोलायचा. "वाट चुकले बिचारे. थांबा, मला थोडी फ्रेंच येते. 'मागे फिरा' म्हणजे काय बरं?"

हॉलिस तोवर धावत गाडीपाशी पोचलीही होती. कॉनीचा धाकटा भाऊ वेंडेल वारला तेव्हा ही पोर शाळेत होती. आता तिशीची झाली, बॉस्टनला प्रयोगशाळेत कामाला लागली, पण धावण्यातली घाई बापाचीच. तिनं गाडीतून उतरलेल्या बाईंना मिठी मारली. बाई साठीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. मागच्या सीटवर एक मोठं पातेलं होतं आणि त्याला माणसासारखा पट्टा लावला होता.

"मक्याचं सूप आहे," बाई म्हणाल्या. "सीमेवरच्या पोरानं तीनदा झाकण उघडायला लावलं. चौथ्यांदा म्हणाला असता तर मी वाटीच दिली असती."

आल्डन खुर्चीतून उठला. शहात्तरीतही तो ताठ होता. चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, डीकन, म्हणून पुढच्या बाकावर बसून बसून पाठ तशीच घडली होती. दारात आलेल्या माणसाला टिलसनांनी कधी उभं ठेवलं नव्हतं, तेव्हा त्यानं हात पुढे केला.

"या, या. कुणाकडच्या आपण?"

"मर्सीकडची," डोरिन म्हणाली.

आल्डनचा हात तसाच राहिला. त्याला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मग त्यानं हॉलिसकडे पाहिलं, आणि हॉलिसकडून सावकाश कॉनीकडे. कॉनीनं नजर खाली घातली.

"कॉनी, जरा इकडे ये," तो म्हणाला.

*

तंबाखूच्या जुन्या कोठारामागे सावली होती. मेरिलचा ट्रक तिथंच लावलेला होता आणि ट्रकच्या पाटावर, गोधड्यांत गुंडाळून, मर्सीच्या कबरीचा नवा दगड आडवा पडला होता. जुना दगड गेल्या हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीनं वर लोटला आणि मधोमध फुटला. आल्डननं हुबेहूब तसाच नवा करवून घेतला होता. तीच अक्षरं, तीच करड्या पाटीच्या दगडाची जात. तीन वाजता तो टेकाडावरच्या कबरस्तानात बसवायचा होता.

"बोल," आल्डन म्हणाला.

"तू चिडू नकोस आधी."

"मी चिडलेलो दिसतोय का?"

दिसत नव्हता. तेच वाईट होतं. कॉनी चौदा वर्षांची असताना बाप गेला, तेव्हापासून या भावानं तिला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि नवरा गेल्यावर परत आणून शेताच्या कडेला घर बांधून दिलं. इतक्या वर्षांत तो तिच्यावर एकदाही ओरडला नव्हता. ओरडला असता तर बरं, असं तिला कितीदा वाटलं होतं.

"हॉलिसनं आपली थुंकी तपासायला पाठवली होती. माझी आणि तिची," कॉनी म्हणाली. "घराण्याचा माग काढायला. मला वाटलं, इंग्लंडमधलं एखादं गाव सापडेल. सापडली ती कॅनडातली मोहॉक आदिवासींची वस्ती. काहनावाके. तिथल्या घराघरांत आपलं रक्त आहे, आल्डन. आणि सगळ्यांचा माग मागे मागे जात एकाच बाईपाशी पोचतो. तिथल्या चर्चमध्ये तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. तीनशे वर्षांपूर्वीची. आपल्या या वेस्टमार्शहून आणलेली इंग्रज मुलगी."

"कुणीही असेल."

"हल्ल्याच्या त्या रात्री इथून कोणाकोणाला धरून नेलं ते मला तोंडपाठ आहे. तुलाही आहे. त्या वयाची एकच होती."

आल्डननं ट्रकच्या कडेवर हात ठेवला. "मर्सी मेली. हल्ला झाला, तिचा भाऊ एबनेझर तळघरात सलगमांच्या ढिगात लपला, म्हणून तो वाचला आणि म्हणून आपण आहोत. मर्सीला रानट्यांनी नेलं आणि वाटेत मारलं. तिच्या सख्ख्या बापानं दगडावर कोरलंय. डीकन एलीआकिम टिलसन खोटं कोरेल?"

"कबरीत कुणी नाही. हे तरी आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे ना?"

"प्रेत बर्फात हरवलं म्हणून नाही."

"ती जगली. मोठी झाली. तिकडेच लग्न केलं, पोराबाळांची आई झाली. मी एप्रिलमध्ये जाऊन आले. ही डोरिन नर्स होती तिथल्या दवाखान्यात. तिच्या स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकलंय मी."

"एप्रिलमध्ये तू बर्लिंग्टनला मैत्रिणीकडे गेली होतीस."

"बर्लिंग्टन वाटेतच लागतं."

एरवी तो हसला असता. आता त्यानं गोधडीचं टोक उचलून दगडाचा कोपरा झाकला.

"तिला आदरानं जेवायला घाल," तो म्हणाला. "पाहुणी आहे. पण टेबलावर हा विषय काढायचा नाही. दगड जसा आहे तसाच बसेल."

"आणि तिनं वाचला तर? त्यावर काय लिहिलंय ते?"

"आपल्या घराण्याचा दगड आहे तो. बाहेरच्यांना विचारून लावत नाहीत."

"तीही घराण्यातलीच आहे, हेच तर मी..."

"घराणं सोडून जे गेले ते गेले." आल्डनचा आवाज अजूनही चढला नव्हता. "परक्यांत जाऊन, परक्यांचा देव घेऊन राहिले, त्यांच्यासाठी आम्ही मेळावे भरवत नाही."

 हे वाक्य मर्सीबद्दलचं नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं.

रूथ. आल्डन आणि बर्निसची एकुलती एक. अकरा वर्षांपूर्वी तिनं मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या तारेकशी लग्न केलं. त्याचा धर्म घेतला, डोक्याला रुमाल बांधायला लागली. ती सांगायला आली त्या संध्याकाळी आल्डननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी असलेली तिची खुर्ची उचलून माळ्यावर नेऊन ठेवली आणि त्यानंतर तिचं नाव घेतलं नाही. नव्या पाद्र्यानं मुलाबाळांची चौकशी केली तेव्हा, "आम्हाला नाहीत," एवढंच म्हणाला. बर्निस शेजारीच उभी होती. 

*

जेवणं सुरू झाली तेव्हा डोरिनची खुर्ची नेमकी आल्डनच्या उजव्या हाताला आली. ही हॉलिसची करामत. कॉनी समोर बसली आणि पाव फाडत राहिली.

"सूप घ्या ना," डोरिननं आल्डनला वाढलं. "मका राखेच्या पाण्यात उकळून घ्यावा लागतो, नाहीतर साल निघत नाही. माझी सून यंत्रातून काढते. मी तिला काही बोलत नाही. फक्त खात नाही."

पोरीबाळी हसल्या. आल्डननं चमचाभर सूप घेतलं, मग आणखी घेतलं. "उत्तम आहे," तो म्हणाला. ते खरंही होतं. जेवणाच्या बाबतीत तो खोटं बोलायचा नाही. क्षणभर कॉनीला वाटलं, निभावलं. दगड बसेल, डोरिन संध्याकाळी जाईल, पुढचं पुढे.

तेवढ्यात मेरिल बोललाच. "मग बाई, आमची पोर पळवलीत, आता परत द्यायला आलात की काय?"

"मेरिल!" कॉनी म्हणाली.

"अगं, गंमत केली. काय हो, राग नाही ना आला?"

"छे," डोरिन म्हणाली. "मघाशी मी गाडी सावलीत लावायला कोठारामागे गेले होते. तुमच्या ट्रकमधला दगड पाहिला, गोधडी सरकली होती. 'वय वर्षे सात, रानट्यांच्या हातून मारली गेली.' ते वाचून झाल्यावर तुमच्या गमतीचा काय राग यायचा?"

टेबलावरचे काटेचमचे थांबले. हॉलिस उठून उभी राहिली.

"मला बोलायचंय, आल्डनकाका."

"खाली बस."

"नाही बसणार. आपल्याला आता ठाऊक आहे की ते खोटं आहे. ठाऊक असून तेच पुन्हा दगडावर कोरायचं? मी मत घ्यायला सांगतेय. हात वर करून."

"टिलसनांच्या कबरीवर मतं मागतेस? उद्या म्हणशील, बायबलवर घेऊ," मेरिल म्हणाला. त्याच्या बाजूच्या दोघातिघांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, मुलगी अगदीच चुकीचं बोलत नाहीये. दुसरं कुणी म्हणालं, दगड करून झालाय, आता कशाला. बघता बघता टेबलाच्या दोन बाजू पडल्या, आणि शेजारी बसलेले सख्खे एकमेकांपासून कोपर दूर घेऊ लागले.

"कॉनीआत्या, तू सांग ना!" हॉलिस म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. आल्डनही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. ती आपल्याच बाजूची, याबद्दल त्याला आजवर कधी शंका आली नव्हती. कॉनीनं तोंड उघडलं.

पण बोललं दुसरंच कुणीतरी.

"तुमच्याकडे काय सांगतात तिच्याबद्दल?"

बर्निसवहिनी होती. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, ॲप्रन न काढताच बसलेली. मेळाव्यात "आणखी हवंय का?" याखेरीज तिनं काही विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

डोरिननं चष्मा काढला. "ऐकायचंय तुम्हाला?"

"मी विचारलं म्हणजे ऐकायचंच आहे."

"आमच्याकडे तिचं नाव वेगळं आहे. तुमची जीभ वळायची नाही. अर्थ सांगते, 'ती पुन्हा रोवते.' जिनं तिला घरात घेतलं, तिची स्वतःची मुलगी देवीच्या साथीत गेली होती. तिच्या जागी हिला घेतलं. नुसतं पाळायला नव्हे. तिची जागा दिली, तिचं नाव दिलं, तिचं अंथरूण दिलं. हे सगळं कॉनीला मी एप्रिलमध्ये सांगितलं. पुढचं एक मात्र सांगितलं नव्हतं, कारण कॉनी रडायला लागली होती आणि मला वाटलं, एका दिवसाला एवढं पुरे."

कॉनीनं चमकून वर पाहिलं.

"इंग्रज आणि फ्रेंचांचा तह झाल्यावर तिचा बाप आला," डोरिन म्हणाली.

"कुणाचा बाप?" आल्डननं विचारलं.

"मर्सीचा. तुमचा एलीआकिम. इथून चालत, होडीनं, पुन्हा चालत. बरोबर एक दुभाषा. तोवर ती मोठी झाली होती, पहिलं मूल पोटात होतं. इंग्रजी पार विसरली होती. बापानं हाक मारली तर नावही ओळखेना. तो दाराबाहेर बसून राहिला. दिवसा काही बोलायचा नाही, संध्याकाळी तुमची स्तोत्रं म्हणायचा. लहानपणी तिला म्हणून दाखवायचा तीच. एका संध्याकाळी ती आतून गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, नुसती चाल. म्हातारा इतका हरखला! त्याला वाटलं, आता येते ही."

"आणि?" बर्निसनं विचारलं.

"सकाळी ती त्याच्याबरोबर नदीपर्यंत आली. त्याचे बूट फाटले होते, म्हणून तिनं मऊ कातड्याची नवी पायताणं केली होती. खाली बसून स्वतःच्या हातानं त्याच्या पायात घातली, दोऱ्या बांधल्या. मग उठून उभी राहिली, पण होडीत बसेना. त्यानं दुभाष्याला म्हटलं, हिला विचार, मी घरी जाऊन काय सांगू? ती म्हणाली, 'सांगा, मी तुम्हाला जेवू घातलं.'"

वाऱ्यानं टेबलावरच्या चादरीची कड उडाली. कुणी धरली नाही.

"एवढंच आमच्याकडे सांगतात," डोरिन म्हणाली. "पुढे तो घरी जाऊन काय म्हणाला, ते आम्हाला कधी कळलं नव्हतं. आज दगडावर वाचलं."

"कपोलकल्पित गोष्ट आहे ही," आल्डन म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "आज्या सांगतात पोरांना. पुरावा काय याला?"

"याला नाही काही," डोरिन म्हणाली. "आमच्या आयांनी सांगितलं, त्यांच्या आयांनी त्यांना."

"मग झालं तर."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं," बर्निस म्हणाली. ती कुणाशीच बोलत नव्हती, समोरच्या रिकाम्या वाडग्याकडे पाहत होती. "मुलीच्या हातचं जेवला. तिनं घातलेली पायताणं घालून इथवर चालत आला. आणि आल्यावर जिवंत मुलीचा दगड उभा केला."

"बर्निस."

"मी मर्सीबद्दल बोलतेय."

"सगळ्यांना कळतंय तू कुणाबद्दल बोलतेयस!"

पहिल्यांदाच आल्डनचा आवाज चढला होता. टेबलाच्या टोकाला कुणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं. मेरिलनं तोंडात घातलेला घास तसाच धरून ठेवला.

बर्निस उठली. "बरं झालं कळतंय ते. मग सांगूनच टाकते. मी रविवारी चर्चनंतर तासभर तळघरात जाते ना, बरण्या लावायला? आपल्याकडे इतक्या बरण्या नाहीत, आल्डन. मी रूथशी बोलते." तिनं हात वर केला. सरळ, खांद्याच्या वर, शाळेतल्या मुलीसारखा. "हॉलिस, मोज माझं मत. तो दगड नको."

कॉनीनं भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता, अजूनही. या माणसानं आपल्याला काय दिलं नाही, तिच्या मनात आलं. आणि मग तिच्या मनात रूथ आली, आठ वर्षांची, याच मेपलखाली आत्याच्या मांडीवर झोपलेली. कॉनीनं हात वर केला. 

बाकीच्यांचे हात वर गेले की नाही ते तिनं पाहिलंच नाही. आल्डननं हातरुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला, खुर्ची मागे घेतली आणि टेकाडाची वाट धरली.

*

"जाऊ दे त्याला. डोकं शांत होईल," मेरिल म्हणाला. पण थोड्या वेळानं तोच ट्रक घेऊन हळूहळू वर निघाला. तीन वाजत आले होते आणि त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. बर्निस पायीच निघाली. कॉनी तिच्या मागोमाग, धाप लागत.

कबरस्तानाच्या बुटक्या भिंतीवर आल्डन बसला होता. समोर नव्या दगडासाठी खणलेला खड्डा, कडेला फुटक्या दगडाचे दोन तुकडे. मेरिलनं ट्रक थांबवला आणि पहार घेऊन उतरला.

"उतरवू का रे?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

आल्डननं मान हलवली.

"हो की नाही?"

"परत ने."

"परत? कुठं ठेवू?"

"कुठंही ठेव, मेरिल. इथं नको."

मेरिलनं कॉनीकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीही न बोलता ट्रकमध्ये चढला आणि मागच्या मागे उतार उतरायला लागला. कॉनी फाटकाशीच थांबली. बर्निस आत गेली, पण भिंतीवर बसली नाही.

"एलीआकिम तिथं आणखी राहू शकला असता का गं?" आल्डननं विचारलं. "एखादा महिना? मूल होईपर्यंत?"

"विचारलं असतं तर ठेवून घेतलं असतं त्यांनी."

"हं."

खाली कुणीतरी पोरांना ओरडत होतं, ताटं गोळा करा म्हणून. आल्डननं आपले तळहात उलटे करून पाहिले.

"कशी आहे ती?"

कोण, असं बर्निसनं विचारलं नाही. "बरी आहे. शाळेत शिकवते. मोठीला चष्मा लागलाय."

"मोठीला?"

"दोघी आहेत."

आल्डननं मान वर केली. कॉनीला त्याचा चेहरा दिसला आणि तिला तिथून निघून जावंसं वाटलं, पण ती फाटकाला धरून राहिली.

"नावं काय त्यांची?"

"ते मी नाही सांगणार," बर्निस म्हणाली. तिचा आवाज आता फुटत होता. "अकरा वर्षं तुझ्या वाटचंही मीच बोलले तिच्याशी. हे तूच विचार."

"ती बोलेल माझ्याशी?"

"नाही माहीत. मी तिच्या जागी असते तर पहिल्या खेपेला बोलले नसते."

तिनं ॲप्रनच्या खिशातून फोन काढला, बोटानं दोनदा दाबला आणि त्याच्यापुढे धरला. तो घेईना. मग घेतला.

उतारावरून हॉलिस आणि डोरिन वर येताना दिसल्या. त्यांच्या मागे पांढऱ्या कपड्यांतली चार पोरंही, दगड बसताना बघायला. कॉनी वळली, दोन्ही हात पसरून वाटेत उभी राहिली आणि त्यांना तिथंच थोपवलं. हॉलिसनं काही विचारायला तोंड उघडलं, तर डोरिननंच तिच्या दंडाला धरलं.

मागे आल्डननं घसा खाकरला, चर्चमध्ये वाचनाला उभा राहण्याआधी खाकरायचा तसा.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी आल्डन टिलसन बोलतोय. वेस्टमार्शहून."

 कॉनीनं मागे वळून पाहिलं. तो भिंतीवरून उठून उभा राहिला होता, दुसरा हात कानावर घट्ट दाबून. समोरून कुणीतरी बोलत होतं, आणि तो ऐकत होता.